थांबलो तर काय होईल, हे कुणी सांगतच नाही

परवा रात्री साडेनऊला फोन आला. पतसंस्थेत माझ्या हाताखाली काम शिकलेला एक पोरगा आता शाखाधिकारी आहे, त्याच्या बायकोचा. "भाऊजी, ह्यांना उद्या सकाळी ॲडमिट व्हायला सांगितलंय. मणक्याचं ऑपरेशन. मेडिक्लेमची मंजुरीपण आली. तुम्ही जरा बोला ना ह्यांच्याशी, मला काही सुचंना झालंय."

वय ४२. गेले १८ दिवस डावा पाय कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत ठणकतोय. एमआरआय काढला, गादी सरकलीय, नस दबलीय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका, नाहीतर पाय जाईल. हे वाक्य कानावर पडलं की माणसाचं डोकं चालायचं बंद होतं. त्याचंही झालं होतं. सही करून आला होता.

मी डॉक्टर नाही. २६ वर्षं पतसंस्थेत कर्जाचे अर्ज तपासले, एवढंच माझं शिक्षण समजा. पण मणक्याच्या बाबतीत माझ्या घरात दोन गोष्टी घडल्यात, दोन्ही उलट्या दिशेच्या, आणि त्यामुळे मी याविषयी मिळेल ते वाचत आलोय. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो.

पहिली गोष्ट माझी. २०१४ चा पावसाळा. गॅसची टाकी उचलली आणि कमरेत कट्कन वाजलं. दोन दिवसांनी उजव्या पायात कळ सुरू झाली. ज्याला झालंय त्यालाच कळेल. शिंकलं तरी वीज जायची पायातून. रात्री झोप नाही, संडासला बसायचं म्हणजे शिक्षा. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये चार ओळी इंग्रजी, त्यात 'एक्स्ट्रूजन' असा शब्द. गादीतला गाभा बाहेर येऊन नसेवर बसला होता. एका ठिकाणी ऑपरेशन सांगितलं, तारीखही दिली. मेव्हण्यानं जबरदस्तीनं दुसरीकडं नेलं. तेही सर्जनच. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली, मला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, पायाचा अंगठा दाबून धरून वर उचलायला लावला, गुडघ्यावर हातोडी मारली. म्हणाले, "ताकद पूर्ण आहे. लघवीचा त्रास नाही. सहा आठवडे थांबायची तयारी आहे का?"

मी विचारलं, थांबून काय होणार, बाहेर आलेलं आत कसं जाणार?

ते हसले. "आत जात नाही. शरीर खाऊन टाकतं."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते खरं आहे. मणक्यांमधल्या गादीचा गाभा जेलीसारखा असतो, आणि जन्मभर गादीच्या आत बंद असल्यानं रक्ताशी त्याचा संबंध जवळपास येतच नाही. तो फुटून बाहेर आला की शरीराला परका वाटतो. सूज येते, नव्या बारीक रक्तवाहिन्या तिकडं धावतात, पेशी येऊन त्याचा तुकडा हळूहळू फस्त करतात. गंमत म्हणजे तुकडा जितका मोठा आणि जितका सुटा, तितका तो विरघळून जायची शक्यता जास्त. नुसती फुगलेली गादी वर्षानुवर्षं तशीच राहते. फुटून बाहेर पडलेला तुकडा पुष्कळदा काही महिन्यांत आक्रसतो. म्हणजे एमआरआयवर जे बघून आपली छाती धडधडते, त्याचंच निसर्गाकडून निस्तरलं जाण्याचं प्रमाण चांगलं असतं.

माझं आठव्या आठवड्यात कमी झालं. चौदाव्या आठवड्यात मी ऑफिसला नेहमीसारखा जात होतो. आता फक्त थंडीत पोटरीला मुंग्या येतात.

"तुमचं नशीब चांगलं" असं बरेच जण म्हणतात. नशीब असेलच, पण ते बहुतेकांचं असतं असं आकडे सांगतात. गादी फुटून पाय दुखतो हे अमेरिकेत बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली मांडलं आणि तेव्हापासून ऑपरेशनं सुरू झाली. पण ऑपरेशन न करता या माणसांचं पुढं काय होतं, हे चिठ्ठ्या टाकून तपासायला जवळपास पन्नास वर्षं गेली. नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी ज्यांच्याबाबत ऑपरेशन करावं की नाही हे नक्की नव्हतं असे १२६ रुग्ण घेतले, निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांना नाही, आणि त्यांच्यावर दहा वर्षं लक्ष ठेवलं. १९८३ ला निकाल छापला. एका वर्षाला ऑपरेशनवाले पुढं होते. चार वर्षांनी फरक उरला नाही.

नंतर २००७ मध्ये नेदरलँड्समधून जास्त नेटका अभ्यास आला. २८३ रुग्ण, सगळ्यांना ६ ते १२ आठवडे जोरदार सायटिका, म्हणजे किरकोळ दुखणी नव्हेत. एका गटाचं लगेच ऑपरेशन. दुसऱ्या गटाला सांगितलं, थांबा, गोळ्या-व्यायाम करा, अगदीच नाही जमलं तर करू. थांबलेल्यांपैकी वर्षभरात ३९ टक्क्यांचं ऑपरेशन करावं लागलं. म्हणजे ६१ टक्क्यांना सुरी लागलीच नाही. वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झालो म्हणत होते.

आता इथं थांबलो तर मी तुमची फसवणूक करीन. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. ऑपरेशनच्या गटात निम्मे लोक ४ आठवड्यांत बरे झाले. थांबलेल्यांना त्याच टप्प्यावर यायला १२ आठवडे लागले. म्हणजे ऑपरेशन काहीच देत नाही हे खोटं आहे. ते आठ आठवडे देतं. त्या आठ आठवड्यांची किंमत ज्याची त्याला ठाऊक. माझी पगारी रजा होती, मी थांबू शकलो. ऊसतोड करणारा, ट्रक चालवणारा, बाजाराच्या दिवशी गाडा लावला नाही तर घरात चूल न पेटणारा, यानं का थांबावं? त्यानं ऑपरेशन निवडलं तर तो घाबरट नाही आणि डॉक्टर लुटारू नाही. पण त्याला सांगायला तर पाहिजे, की बाबा, तू आठ आठवडे विकत घेतोयस, पाय नाही. "नाहीतर पाय जाईल" असं म्हणून सही घेणं ही सरळ फसवणूक आहे, मग ऑपरेशन कितीही उत्तम होवो.

एमआरआयविषयी थोडं. १९९४ साली अमेरिकेत ९८ धडधाकट माणसांचे, ज्यांना पाठदुखी अजिबात नाही अशांचे, एमआरआय काढले. निम्म्याहून जास्त लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. २७ टक्क्यांमध्ये गादी बाहेर आलेली. यांना कसलाही त्रास नव्हता! पुढं २०१५ मध्ये अशा तीन हजारांवर माणसांच्या तपासण्या एकत्र करून बघितल्या, तर काही न दुखणाऱ्या विशीतल्या पोरांमध्येसुद्धा ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या आणि ऐंशीला पोचेपर्यंत ९६ टक्क्यांच्या. केस पिकतात तशी गादी झिजते. त्यामुळे पन्नाशीतल्या माणसाच्या हातात "मणक्यात गॅप आहे" असा रिपोर्ट येणं यात बातमी काहीच नाही. दुखणं, तपासणी आणि फिल्म या तिन्हींचा मेळ बसतो का, हे बघायचं असतं. माझी फिल्म बाजूला ठेवून मला टाचेवर चालवणारे डॉक्टर मला म्हणून पटले. (आमच्याकडे हल्ली उलटं झालंय. पेशंट आत जातो तो फाईल पुढं करूनच, अंगाला हात लावून घ्यायला कुणाला वेळ नाही, ना डॉक्टरला, ना पेशंटला.)

गुडघ्याचंही तेच. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून "साफसफाई" करायची फॅशन एकेकाळी जोरात होती. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या डॉक्टर मोझली यांनी १८० जणांवर प्रयोग केला. काहींची खरी साफसफाई, आणि काहींना फक्त कातडीवर छेद देऊन टाके. कुणाला काय केलं ते रुग्णाला माहीत नाही. दोन वर्षं पाहिलं, काही फरक नाही. मग फिनलंडवाल्यांनी २०१३ मध्ये झिजून फाटलेल्या मिनिस्कसबद्दल असंच दाखवलं. तरी आपल्याकडं "वंगण संपलंय, दुर्बिणीनं साफ करून घेऊ" हे ऐकू येतंच. सांधा बदलायचं ऑपरेशन मात्र वेगळं, ते योग्य माणसाला नवं आयुष्य देतं, माझ्या चुलतीला दिलंय. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा आणली, नेहमीचं जे वापरतात ते दीड लाखाच्या पुढचं ५४,७२० वर आलं. चुलतीचं बिल २०१६ चं आणि शेजाऱ्यांचं २०१८ चं, दोन्ही मी समोरासमोर ठेवून वाचली. इम्प्लांटची ओळ खाली आलीय, बाकीच्या ओळी वर गेल्यात. बेरजेत फार फरक नाही. असो.

आता दुसरी गोष्ट. ही सांगताना हात जड होतो.

माझे धाकटे मामा. शेतकरी, बोलायला कमी. २०१८ च्या दिवाळीत मामी हसत हसत म्हणाली, "ह्यांना आता सदऱ्याची बटणंपण लावता येईनात, लहान पोरागत झालेत." सगळे हसलो. मीही हसलो. नंतर कळलं की चालताना पायातली चप्पल निसटायची आणि त्यांना कळायचं नाही. दहा पावलं गेल्यावर मागं वळून बघायचे. दुखत काहीच नव्हतं. दुखत नाही म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. वात झालाय म्हणून तेलमालिश, नंतर मान मोडून देणारा एक जण, मग कुणीतरी बेल्ट दिला. आणि एमआरआय निघाला तेव्हा ऑपरेशन सांगितलं, तर घरात कुणी तयार होईना. का? तर व्हॉट्सॲपवर फिरणारं वाक्य: "मणक्याचं ऑपरेशन म्हणजे कायमचं अपंगत्व, कधीच करू नका." आणि माझं उदाहरण. "ह्याचं बघा, न कापता बरं झालं." मामा मला फोनवर म्हणाले, "तू थांबलास, मीपण थांबतो."

मी त्यांना थांब म्हणालो नाही, पण थांबू नका असंही म्हणालो नाही. मला फरक माहीत नव्हता.

फरक असा आहे. कमरेत दबते ती एक नस असते आणि तिला सहसा सुटायची वाट असते. मामांच्या मानेत मज्जारज्जूच दबत होता. हाडाच्या वाढीनं, गादीच्या झिजेनं जागा अरुंद होत गेलेली. ती हाडाची वाढ पेशी खाऊन टाकत नाहीत. हा आजार काही महिने जागेवर उभा राहतो, वाटतं की बरं चाललंय, मग एकदम एक पायरी खाली उतरतो, आणि उतरलेली पायरी बहुधा परत चढता येत नाही. पहिल्या बटणापासून ऑपरेशनपर्यंत १४ महिने गेले. सर्जननी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, "मी पुढची घसरण थांबवायचा प्रयत्न करतोय. गेलेलं परत येईल असं मी लिहून देणार नाही." ऑपरेशन चांगलं झालं. मामा आज वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. विहिरीपर्यंत जाता येत नाही. भाकरी मोडून द्यावी लागते.

म्हणून माझं भांडण दोन्ही बाजूंशी आहे. घाबरवून सही घेणाऱ्यांशी आहे, आणि "सगळी ऑपरेशनं म्हणजे लूट" असं लिहून शेकडो लाइक मिळवणाऱ्यांशीही आहे. दुसऱ्या प्रकारच्या पोस्टनं किती मामा घरी बसले असतील कुणास ठाऊक.

प्रत्येक आजाराची एक आपली चाल असते. काही न केलं तर तो कुठं जातो, किती दिवसांत जातो, वाटेत परत फिरायची जागा आहे की नाही. डॉक्टर त्याला नॅचरल हिस्टरी म्हणतात. ऑपरेशन करायचं की नाही, हा प्रश्न त्या चालीशी तुलना केल्याशिवाय सुटतच नाही. म्हातारीचं खुब्याचं हाड मोडलं आणि घरचे म्हणतात, वय झालंय, कशाला ऑपरेशन, पडून राहू दे. पडून राहण्याची चाल काय असते? पाठीला जखमा, छातीत कफ, न्यूमोनिया, आणि बरेचदा काही आठवड्यांत, महिन्यांत शेवट. तिथं वय झालंय म्हणूनच एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून तिला उभं करायचं असतं. आणि कमरेच्या दुखण्यातही, सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, पाऊल वर उचलेना, तर त्याच रात्री गाडी काढा. तिथं माझे आठवडे मोजू नका. त्या डच अभ्यासात असे रुग्ण घेतलेच नव्हते.

आता सार्वजनिक प्रश्न. हे सांगायला डॉक्टरला वीस मिनिटं लागतात, आणि त्या वीस मिनिटांचे पैसे आपल्याकडं कुणीच देत नाही. मेडिक्लेम भरती झाल्यावर पैसे देतो. महात्मा फुले योजनेत ऑपरेशनचं पॅकेज आहे. पण सहा आठवडे थांबणाऱ्या माणसाची फिजिओथेरपी, दर दोन आठवड्यांनी "ताकद कमी झाली का" म्हणून तपासणी, याला पॅकेज नाही. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीची खोली आहे, तिला कुलूप असतं. खाजगीत एका वेळेचे तीन-चारशे, आठवड्यातून तीनदा, खिशातून. म्हणजे कापलं तर फुकट आणि थांबलं तर खर्च. अशी व्यवस्था आपणच उभी केली आणि वर विचारतो की ऑपरेशनं एवढी का वाढली. पतसंस्थेत माझ्या टेबलावर अर्ज यायचे, कारणाच्या रकान्यात 'आजारपण' लिहिलेलं. विचारलं की मणका, गुडघा, नाहीतर गर्भाशय. तेव्हा मी फक्त जामीनदार बघायचो.

सर्जनची बाजूही बघा. मिरज-सांगली पट्ट्यात शंभराहून जास्त वर्षं लोक ऑपरेशनला येतात, उत्तम हात आहेत आपल्याकडं. पण "थांबा" म्हणणाऱ्याकडून पेशंट उठतो आणि समोरच्या इमारतीत जातो. त्यानं गोळ्या-व्यायाम दिले तर म्हणतो, काही केलंच नाही. आणि रुग्ण पाठवणाऱ्याला जो 'कट' जातो, तो थांबवायला २०१७ मध्ये राज्यानं कायद्याचा मसुदा केला होता. मसुदाच राहिला. डॉक्टर अरुण गद्रे आणि अभय शुक्ला यांनी प्रामाणिक डॉक्टरांच्याच तोंडून हे सगळं लिहून काढलंय, त्याला आता बरीच वर्षं झाली.

जे कायद्यात आहे ते तरी मागा. सर्वोच्च न्यायालयानं २००८ च्या समीरा कोहली खटल्यात म्हटलंय की संमती घेताना उपचाराचं स्वरूप, धोके आणि दुसरे पर्याय रुग्णाला सांगायला हवेत. पर्याय! थांबणं हा पर्याय आहे. नर्सिंग होम नियमांत २०२१ च्या जानेवारीत बदल होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं आणि दरांची माहिती देणं बंधनकारक झालंय. मी गेल्या महिन्यात वेगवेगळ्या निमित्तानं सात दवाखान्यांत गेलो. सनद दोन ठिकाणी दिसली, त्यातली एक फ्रिजच्या मागं.

आणि आत गेलात की एवढंच विचारा: डॉक्टर, काही केलं नाही तर तीन महिन्यांनी माझं काय होईल? किती दिवस थांबणं सुरक्षित आहे? काय झालं तर मी धावत यायचं? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही, हा माझा अनुभव. ज्याला येतो त्याच्याकडून फाईल आणि फिल्म घ्या, तो तुमचा हक्क आहे, आणि दुसरीकडं दाखवा.

आमचा शाखाधिकारी परवा सकाळी ॲडमिट झाला नाही. दुपारी आम्ही दुसरीकडं गेलो. तपासलं, टाचेवर चालवलं, ताकद बरोबर आहे. सध्या गोळ्या, हालचाल चालू ठेवायची, दोन आठवड्यांनी परत तपासणी. त्याला अजून दुखतंय, भरपूर दुखतंय, काल रात्री अडीचला त्याचा मेसेज होता, "साहेब, हे खरंच जाणार का?" मी लिहिलं, बहुतेक जाईल, आणि नाही गेलं तर ऑपरेशन आहेच, मी येईन सोबत. वहिनींना कागदावर तीन ओळी लिहून दिल्यात, लघवी, बधिरपणा, पाऊल. तो कागद फ्रिजवर लावलाय म्हणे.

तुमच्या गावातल्या दवाखान्यात ती सनद लावलेली दिसली तर खाली फोटो टाका. आणि थांबून पस्तावलेले, कापून पस्तावलेले, दोघांनीही लिहा. दवाखान्याचं, डॉक्टरचं नाव मात्र नको.